‘इंटेंड’ म्हणजे फक्त ‘हेतू असणे’ का? ‘वॉन्ट’, ‘प्लॅन’, ‘मीन’पेक्षा त्यात वेगळं काय?

कोशातला ‘हेतू असणे’ हा अर्थ चूक नाही, पण अपुरा आहे आणि त्याने बराच घोळ घातलाय. मी न्यायालयीन अनुवाद तपासते. ‘मोटिव्ह’लाही हेतू आणि ‘इंटेन्शन’लाही हेतू असं एकाच पानावर दिसलं की मी ते पान परत पाठवते. त्यावरून माझे वादही होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी शब्द आला कुठून ते. लॅटिन ‘इन्टेन्डेरे’ म्हणजे एखाद्या दिशेला ताणणे. रोमन लोक धनुष्यालाही हेच क्रियापद लावत आणि मनालाही. संस्कृत ‘तन्’ धातू त्याच मुळातला. आपले तंतू, तान, ताणणे हे त्याचे नातलग. जुन्या फ्रेंचमार्गे साधारण १३००च्या सुमारास हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा ‘लक्ष देणे’, ‘समजून घेणे’ असेही त्याचे अर्थ होते. फ्रेंचमध्ये तेच क्रियापद आज ‘ऐकणे’ या अर्थी चालतं, स्पॅनिशमध्ये ‘समजणे’. इंग्रजीत लक्ष ठेवण्याचा अर्थ ‘सुपरिंटेंडंट’मध्ये टिकून आहे. शेक्सपिअरच्या ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’त सीझर सीरियातून प्रवास ‘इंटेंड’ करतो, म्हणजे तिकडे मोर्चा वळवतो. ‘रिचर्ड द थर्ड’मध्ये ‘इंटेंडिंग डीप सस्पिशन’ म्हणजे दाट संशय आल्याचं सोंग आणत. हे दोन्ही अर्थ आता मेले. दिशा मात्र राहिली, आणि ‘वॉन्ट’शी फरक तिथेच आहे. पाऊस पडावा असं ‘वॉन्ट’ करता येतं, ‘इंटेंड’ करता येत नाही, कारण पाऊस पाडणं आपल्या हातात नाही.

या क्रियापदाचं कर्म नेमकं कोणतं, यावर आपल्याकडे माणसाच्या शिक्षेचा निकाल लागलाय. विरसा सिंग विरुद्ध पंजाब राज्य, सर्वोच्च न्यायालय, १९५८. आरोपीने खेमसिंगच्या पोटात भाल्याचा एकच वार केला. आतडी बाहेर आली, दुसऱ्या दिवशी खेमसिंग गेला. खून कशाला म्हणायचं हे सांगणाऱ्या, दंड संहितेच्या कलम ३०० मधलं तिसरं पोटकलम लागलं. त्यात दोन गोष्टी आहेत: शारीरिक इजा करण्याचा इरादा, आणि ती इजा निसर्गक्रमात मृत्यू ओढवायला पुरेशी असणं. बचाव असा, की ‘मरण्याइतकी’ इजा करायचा इरादा सिद्धच झालेला नाही. न्यायमूर्ती विव्हियन बोस (नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश) यांनी ते वाक्य सुटं केलं. इजा झाली आहे का, ते पाहा. ती कुठे आणि कशी आहे, ते पाहा. तीच इजा करायची होती का, की हात निसटला, वार भलतीकडे बसला, ते पाहा. इरादा इथे संपतो. ती इजा जीव घ्यायला पुरेशी होती का, हा चौथा प्रश्न वैद्यकीय पुराव्यावर सुटतो. आरोपीच्या मनाशी त्याचा संबंध नाही. ‘इंटेंडेड’चं कर्म इजा आहे, तिचा पुरेसेपणा नव्हे. अपील फेटाळलं गेलं. दंड संहितेच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हाच मजकूर कलम १०१च्या ‘सी’ खंडात आहे.

या निकालाच्या अनुवादात सगळीकडे ‘हेतू’ घाला आणि वाचून पाहा. ‘इजा करण्याचा हेतू’ म्हटलं की वाचणारा विचारतो, का? जमिनीचं भांडण होतं? जुनं वैर? तो ‘मोटिव्ह’चा प्रश्न झाला, आणि ‘मोटिव्ह’ सापडला नाही तरी इरादा सिद्ध होऊ शकतो. म्हणून ‘इंटेन्शन’ला इरादा किंवा उद्देश, आणि हेतू फक्त ‘मोटिव्ह’ला. ‘संदर्भावरून कळतं’ असं म्हणणाऱ्यांनी आरोपीच्या बाजूला बसून तो संदर्भ वाचावा.

आता रोजच्या वापराचं. ‘आय इंटेंड टू गो’ला सगळ्यात जवळचं मराठी म्हणजे ‘मी जायचं म्हणतेय’. ‘प्लॅन’ म्हणजे तिकीट, तारीख असं काहीतरी जुळवलेलं. ‘इंटेंड’ला मन पक्कं असलं की पुरे. ‘मीन टू’ बोलण्यातलं आणि जास्त करून नकारात येणारं: ‘आय डिडन्ट मीन टू’ म्हणजे ‘मुद्दाम नाही केलं’. पत्रात, अर्जात, करारात ‘इंटेंड’ लिहा. गप्पांत ते ताठ वाटतं. आपल्याकडच्या दोन ठरावीक चुका: ‘आय अ‍ॅम इंटेंडेड टू गो’ (जाणारे तुम्ही, मग कर्मणी कशाला?) आणि ‘इंटेंड फॉर गोइंग’. ‘इंटेंड गोइंग’ चालतं, पण ‘टू’ लावलेलं बरं. ‘इंटेंडेड फॉर’ वस्तूला लागतं: हे पुस्तक मुलांसाठी आहे. करायचं होतं पण राहून गेलं, तर ‘हॅड इंटेंडेड टू’. व्हिसाच्या अर्जावर ‘इंटेंडेड लेंथ ऑफ स्टे’ असतं, तिथे किती दिवस राहणार एवढंच लिहायचं. कशासाठी जाताय, याचा रकाना वेगळा असतो.

एक राहिलं. बातमीत ‘हत्येमागचा हेतू अस्पष्ट’ लिहितात ते बरोबरच आहे, तिथे ‘मोटिव्ह’च अभिप्रेत असतो. माझी तक्रार आरोपपत्राच्या आणि निकालाच्या अनुवादापुरती आहे.