इकॉनॉमिक्सच्या लेक्चररचं करियर आणि तो 'रिसर्च इंटरेस्ट'चा रकाना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की एमए इकॉनॉमिक्स संपत आलंय, पुढे पीएचडी करून विद्यापीठात लेक्चरर व्हायचंय, पण अर्जातल्या 'रिसर्च इंटरेस्ट'च्या रकान्यात काय लिहायचं तेच सुचत नाहीये, ज्याच्या त्याच्या नावापुढे 'लेबर, डेव्हलपमेंट, अप्लाईड मायक्रो' एवढंच दिसतं, आणि एकदा लिहिलं की जन्मभर त्यातच अडकणार का ही भीती. आणि शेवटी विचारलंय की या नोकरीत शिकवणं मोठं की संशोधन. मी वीस वर्षं हेच काम करतेय म्हणून जरा लांबलचक लिहिते, सावकाश वाचा.

आधी ते तीन शब्द. लेबर म्हणजे श्रम आणि रोजगार, डेव्हलपमेंट म्हणजे विकास, आणि अप्लाईड मायक्रो म्हणजे माणसं, घरं, कंपन्या कशा वागतात ते आकडेवारीवरून बघणं. इकॉनॉमिक्समध्ये सगळ्या विषयांना जेईएल कोड ('जर्नल ऑफ इकॉनॉमिक लिटरेचर'वरून आलेलं नाव) असतात, एकेक इंग्रजी अक्षर, 'जे' म्हणजे लेबर आणि लोकसंख्या, 'ओ' म्हणजे विकास आणि वाढ, 'ई' म्हणजे मॅक्रो, म्हणजे अख्ख्या देशाची अर्थव्यवस्था, 'क्यू' म्हणजे शेती आणि पर्यावरण, 'सी' म्हणजे गणिती आणि संख्याशास्त्रीय पद्धती. पेपरवर हे कोड टाकावे लागतात, आणि विभागातही जागा भरताना 'आपल्याला यंदा एक मॅक्रोवाला हवाय' अशीच भाषा चालते. म्हणून लोक ते शब्द लिहितात, त्यात चूक काही नाही. पण त्यावरून माणूस कुठल्या आळीत राहतो एवढंच कळतं, घरात काय चाललंय ते नाही कळत. इंटरेस्ट म्हणजे विषय नव्हे, इंटरेस्ट म्हणजे प्रश्न, आणि तोही असा की ज्याचं उत्तर नेमकं कशावरून मिळेल हे तुम्हाला सांगता येतं.

उदाहरण घ्या. 'मला किमान वेतनात रस आहे' हे वाक्य कुणीही लिहील. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी काय केलं ते बघा, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात १ एप्रिल १९९२ ला किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ झालं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात वाढलं नाही, मग दोन्हीकडची मिळून ४१० फास्ट फूड रेस्टॉरंट घेतली आणि वाढीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा तिथे किती लोक कामाला आहेत ते विचारलं. पेपर आला १९९४ मध्ये. पुस्तकातलं मॉडेल म्हणत होतं की वेतन वाढवलं की नोकऱ्या कमी होणार, यांना तसं काही दिसलं नाही. त्यावर भरपूर वाद झाला, दुसऱ्या संशोधकांनी पगारपत्रकांचा डेटा वापरून उलट निष्कर्ष काढला, कार्ड-क्रूगरनी २००० मध्ये परत उत्तर दिलं. कार्डना २०२१ चं नोबेल मिळालं त्यामागे हे काम होतंच, क्रूगर मात्र २०१९ मध्येच गेले. सांगायचा मुद्दा, प्रश्न जुनाच होता, पण राज्याची हद्द आणि एक तारीख यांनी तो मोजण्यासारखा झाला. अशी हद्द, अशी तारीख जिथे दिसेल तिथे थांबायची सवय लावून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

आता माझं सांगते, कारण आयुष्यभर अडकण्याची जी भीती तुम्हाला वाटतेय त्याचं उत्तर त्यात आहे. माझी पीएचडी ग्रोथ मॉडेल्सवर, म्हणजे देशाची अर्थव्यवस्था कशी वाढते याच्या गणितावर. सगळी समीकरणं, डेटा जवळपास शून्य. नोकरी लागली तेव्हा विभागात मॅक्रो शिकवणारे भरपूर होते, मला दिलं दुसऱ्या वर्षाचं स्टॅटिस्टिक्स. मला ते अजिबात नको होतं. प्रॅक्टिकलसाठी एक घरगुती सर्व्हेची फाईल घेतली आणि मुलांना सांगितलं की आठवड्याला माणूस सरासरी किती तास काम करतो ते काढा. सगळ्यांचा आकडा आला, फळ्यावर लिहिला, मी पुढे निघाले, तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, मॅडम, इतके लोक बरोब्बर ९९ तास कसे काम करतात, ९८ वाला तर एकही नाही. मी स्क्रीनवर तो कॉलम लावला, खाली खाली जात राहिले, खरंच, ९९, ९९, ९९. मग कोडबुक, म्हणजे कुठल्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणारी यादी, उघडलं तर ९९ म्हणजे 'उत्तर दिलं नाही'. तास नव्हतेच ते. सगळ्या वर्गाची सरासरी फुगलेली, आणि ती तशीच मी फळ्यावर लिहिली होती.

ते पुसलं, पण घरी गेल्यावर डोक्यातून जाईना की हे उत्तर न देणारे लोक आहेत तरी कोण. दुसऱ्या दिवशी बघितलं तर त्यात बायका जास्त, आणि त्यातही घरच्याच शेतात किंवा घरच्याच धंद्यात हात लावणाऱ्या. त्यांना 'आठवड्यात किती तास काम केलं' हा प्रश्नच लागू पडत नव्हता, कारण त्यांचं काम तासात मोजायची कुणाला सवयच नाही. तिथून मी जी वळले ती वळलेच. गेली कित्येक वर्षं माझा विषय एकच आहे, काम कशाला म्हणायचं आणि ते मोजताना कोण गळतं. ग्रोथ मॉडेल मी परत उघडलं नाही आणि त्याबद्दल कुणी जाबही विचारला नाही.

आणि हे वरवर वाटतं तितकं बारीकसारीक नाहीये. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय श्रमसंख्याशास्त्रज्ञांच्या परिषदेने ठरवलं की संदर्भाच्या आठवड्यात, म्हणजे सर्व्हे ज्या आठवड्याबद्दल विचारतो त्यात, एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरायचा. मग २०१३ च्या परिषदेत 'काम' आणि 'रोजगार' वेगळे केले, म्हणजे घरातला स्वयंपाक, मुलांचं बघणं, आजारी माणसाची सेवा हे सगळं 'काम' या व्याख्येत आलं, पण 'रोजगार' मात्र फक्त पैसे किंवा नफा यासाठी केलेलं काम. घरच्या खाण्यापुरती शेती करणारी बाई आधीच्या व्याख्येत रोजगारात होती, नवीन व्याख्येत ती त्यातून बाहेर गेली. तिचं काम कालचं आज तेच, शेत तेच, फक्त रकाना बदलला, आणि देशाचा रोजगाराचा आकडा बदलतो! टांझानियात तर संशोधकांनी मुद्दाम प्रयोग केला, काही घरांना सविस्तर प्रश्नावली आणि काहींना छोटी, काही ठिकाणी त्या व्यक्तीलाच विचारलं आणि काही ठिकाणी घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, आणि उत्तरं वेगळी आली. हे वाचलं तेव्हा मला ती मागच्या बाकावरची मुलगी आठवली. म्हणून सांगते, शिकवणं आणि संशोधन यात मोठं कोण हा प्रश्नच मला तसा पटत नाही, निदान माझा अख्खा विषय वर्गातून आलाय.

पण नोकरीचं गणित म्हणाल तर ते देशागणिक बदलतं आणि ते नीट समजून घ्या, नाहीतर अर्ज चुकीच्या जागी जातो. ब्रिटनमध्ये लेक्चरर म्हणजे सहसा शिकवणं अधिक संशोधन अशी पक्की जागा, प्रोबेशन असतं, मग सीनियर लेक्चरर, रीडर किंवा असोसिएट प्रोफेसर, मग प्रोफेसर. अमेरिकेत तोच शब्द बहुतेक वेळा फक्त शिकवण्याच्या करारावरच्या जागेला वापरतात, संशोधनाच्या वाटेवरचा माणूस तिथे असिस्टंट प्रोफेसर असतो आणि काही वर्षांनी टेन्युअर, म्हणजे कायमची नोकरी, मिळतं किंवा दुसरीकडे जावं लागतं. जाहिरात वाचताना पदाचं नाव बघू नका, आठवड्याला किती लेक्चर आणि बढतीला काय लागतं ते बघा.

बढतीला पेपर लागतात, आणि इकॉनॉमिक्समध्ये पेपरला जो वेळ लागतो तो बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. ग्लेन एलिसन यांनी २००२ मध्ये दाखवलं की त्याच्या तीसेक वर्षं आधी, म्हणजे १९७० च्या सुमारास, पेपर पाठवल्यापासून सहा ते नऊ महिन्यांत स्वीकारला जायचा, तेच नंतर मोठ्या जर्नलमध्ये सरासरी वीस ते तीस महिन्यांवर गेलं. यात आधीची दोन तीन वर्षं डेटा साफ करण्यात गेलेली धरलेलीच नाहीत. माझा त्या तासांवरचा पहिला पेपर तीन ठिकाणहून परत आला, एका रेफरीने, म्हणजे जर्नलसाठी पेपर तपासणाऱ्याने, लिहिलं की हा मोजमापाचा प्रश्न आहे, अर्थशास्त्राचा नाही. मी आठवडाभर काही वाचलं नाही की लिहिलं नाही. मग तेच वाक्य घेऊन प्रस्तावना नव्याने लिहिली की मोजमाप हाच अर्थशास्त्राचा प्रश्न का आहे, आणि चौथ्या ठिकाणी लागला.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांचं तर सगळ्यांना माहीत असायला हवं. जुन्या गाड्यांच्या बाजारावरचा त्यांचा पेपर, विकणाऱ्याला गाडीची खोट माहीत असते आणि घेणाऱ्याला नसते म्हणून चांगल्या गाड्या बाजारातूनच उठतात, हा त्यांनी १९६६-६७ मध्ये लिहिला, कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, असिस्टंट प्रोफेसर म्हणून पहिलंच वर्ष होतं. तीन जर्नलनी नाकारला, क्षुल्लक आहे असंही कारण दिलं, आणि शेवटी १९७० मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आला. २००१ च्या नोबेलमागे तोच पेपर. नाकारलेला प्रत्येक पेपर असाच थोर असतो असं मी म्हणत नाहीये, बहुतेक वेळा रेफरीचं काहीतरी बरोबरच असतं, पण पहिल्या वर्षातल्या माणसाला साधा वाटणारा प्रश्न विचारायचा पूर्ण हक्क आहे एवढं यातून घ्या.

अजून एक, सुरुवात कुठून करायची असं कुणीही विचारलं की मी हेच सांगते, दुसऱ्याचा छापलेला पेपर घ्या आणि त्यातले आकडे स्वतः परत काढून बघा. थॉमस हर्नडन नावाचा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा पीएचडीचा विद्यार्थी, कोर्सचा अभ्यास म्हणून रेनहार्ट आणि रोगॉफ यांचा सरकारी कर्जावरचा २०१० चा गाजलेला पेपर परत करून बघत होता, आकडे जुळेनात, त्याने लेखकांकडे स्प्रेडशीट मागितलं आणि त्यांनी ते दिलंही. उघडलं तर सरासरीच्या सूत्रात पाच देश धरायचेच राहिलेले. त्यात काही वर्षांचा डेटा न घेणं आणि सरासरीत कुठल्या देशाला किती वजन द्यायचं ती पद्धत हे मुद्दे मिळवले तर जीडीपीच्या ९० टक्क्यांवर कर्ज असलेल्या देशांची सरासरी वाढ उणे ०.१ नाही तर २.२ टक्के येत होती. २०१३ ची गोष्ट. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, बाकीच्या मुद्द्यांवर वाद राहिला. विद्यार्थ्याकडे काय होतं, एक फाईल आणि न जुळणारा आकडा सोडून द्यायचा नाही हा हट्ट.

तर अर्जात काय लिहायचं. पहिल्या ओळीत खुशाल लेबर, डेव्हलपमेंट लिहा, वाचणाऱ्याला तुमचा अर्ज कुणाकडे पाठवायचा ते कळायला हवं. पण त्याखाली एक प्रश्न लिहा, पूर्ण वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन, आणि त्याच्यापुढे हे कुठल्या डेटावरून बघणार ते लिहा, तो डेटा उघडून पाहिला असेल तर तेही लिहा, त्यात काय खटकलं ते तर नक्कीच लिहा. मी अर्ज वाचायला बसते तेव्हा 'मला विषमतेची आवड आहे' या वाक्यावरून पुढे जाते, पण 'या सर्व्हेत दुसऱ्या फेरीत पाचशे घरं सापडली नाहीत, ती गरीब घरं होती का' असं कुणी लिहिलं असेल तर तो अर्ज बाजूला काढून ठेवते. गाईड निवडताना त्यांचे गाजलेले पेपर बघू नका, त्यांच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत ते विचारा, त्या विद्यार्थ्यांनाच विचारा, बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात.

बदलायचं झालं तर बदलता येतं हे माझ्यावरून कळलंच असेल. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना तर गणित पुरेसं नाही म्हणून इकॉनॉमिक्सच्या पीएचडीला वाट मिळाली नव्हती, त्या राज्यशास्त्रात गेल्या, लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर १९६५ मध्ये प्रबंध केला, विहिरींतून सगळेच पाणी उपसत होते आणि समुद्राचं खारं पाणी आत येत होतं तेव्हा लोकांनी आपसात नियम कसे केले यावर, आणि त्याच धाग्याने पुढे मच्छीमारी, जंगलं, नेपाळमधले सिंचनाचे पाट असं करत २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. विभाग बदलला, देश बदलले, प्रश्न तोच.

तुमच्या एमएच्या प्रोजेक्टबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीये. कुठला डेटा वापरलाय आणि त्यात कुठे अडलात ते इथेच लिहा, मी रविवारी बसून बघते.