व्हर्जन विचारण्याआधी फाइल कोणती ते बघ

'ऑक आहे, तरी स्क्रिप्ट अडते' असं तू लिहिलंस. पण ऑक, म्हणजे मजकुरावर ओळीओळीने काम करणारी कमांड, हा एकच प्रोग्रॅम नाही. लिनक्सच्या डेबियन या प्रकारावर सहसा मॉक असतो, फेडोरा या प्रकारावर गॉक, आणि छोट्या सिस्टिमवर बिझीबॉक्स या अनेक कमांड एकत्र असलेल्या प्रोग्रॅममधला. तुझ्या स्क्रिप्टमधलं जेनसब हे मजकूर बदलण्यासाठी गॉकने आणलेलं फंक्शन आहे. मॉकमध्ये ते असेलच असं धरून चालू नकोस.

आधी बॅशमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतोस त्या शेलमध्ये, 'टाइप -ए ऑक' चालव. पाथमध्ये, म्हणजे शेल कमांड शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, त्या नावाचं जे जे असेल ते सगळं दिसेल, आणि पहिल्या ओळीतलं प्रत्यक्ष चालतं. मग त्या ओळीतला फाइलचा पत्ता 'रीडलिंक -एफ'ला दे, म्हणजे लिंकमागची खरी फाइल कळेल. डेबियनवर यूएसआर-बिन फोल्डरमधला ऑक ही नुसती लिंक असते. ती ईटीसी फोल्डरमधल्या अल्टरनेटिव्ह्जकडे जाते आणि तिथून मॉककडे. ही साखळी एकदा स्वतः बघच, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

फाइल हाती लागली की ती कोणत्या पॅकेजची ते डेबियनवर 'डीपीकेजी -एस' (एस कॅपिटल) सांगतं, फेडोरावर 'आरपीएम -क्यूएफ'.

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये तर नुसता व्हर्जनचा आकडा मुळीच पुरत नाही. 'विम --व्हर्जन'च्या यादीत क्लिपबोर्डच्या आधी उणे चिन्ह असेल, तर व्हर्जन कितीही नवं असो, त्या बिल्डमध्ये ती सोय नाहीच.

आणि जुना आकडा दिसला म्हणून घाबरू नकोस. डेबियन स्टेबलमध्ये, म्हणजे डेबियनच्या स्थिर आवृत्तीत, सुरक्षेच्या दुरुस्त्या बहुधा जुन्याच व्हर्जनमध्ये घालतात. मूळ आकडा तोच राहतो, बदलते ती पॅकेजच्या आकड्याची शेपटी. मदत मागताना तो आकडा शेपटीसकट दे.