इंजिन कोणतंही घ्या, पैसे मात्र त्या फंडांतून नकोत

तुमचं पत्र थोडक्यात असं. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहता, वय ४६, दोघांच्या नोकऱ्या, मोठी मुलगी दोन वर्षांत कॉलेजला. गॅरेजमध्ये फॅक्टरी फाइव्हच्या मार्क ४ रोडस्टरचं किट, म्हणजे १९६०च्या दशकातल्या शेल्बी कोब्राची प्रतिकृती. चासी उभी आहे, मागचा ८.८ इंची अ‍ॅक्सल बसलाय, इंजिनाची जागा रिकामी. समोर तीन पर्याय: १९९१च्या फोर्ड मस्टँगमधलं जुनं ३०२ घनइंचांचं इंजिन टी-५ गिअरबॉक्ससकट ३,५०० डॉलरला, फोर्डच्याच ३५१ विंडसर ब्लॉकवर पिस्टनचा फेरा वाढवून बांधलेलं ४२७ स्ट्रोकर १६ हजाराला, किंवा फोर्डचं आजच्या काळातलं नवं कोरं कोयोटी व्ही-८ ११ हजाराला. कोणतंही घेतलं तरी भारतातल्या म्युच्युअल फंडांतून ३० हजार डॉलर काढायचे, कारण 'ते पैसे तसेही नुसते पडून आहेत', आणि गाडी १० वर्षांत दुप्पट किमतीला जाईल. प्रश्न एकच: तिन्हींत पैशाचं मोल कशात?

आधी इंजिनाचं बघू, कारण ते सोपं आहे.

तुम्ही लिहिलेल्या तिन्ही किमती अपुऱ्या आहेत. ४२७ स्ट्रोकर सहज ५०० पाउंड-फूट टॉर्क देतं. तुमचा टी-५ जेमतेम ३०० चा, तो पहिल्या उन्हाळ्यातच दात गाळेल. म्हणजे ट्रेमेकचा दणकट टीकेएक्स गिअरबॉक्स, त्याची बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), क्लच, फ्लायव्हील, कापून बसवलेला ड्राइव्हशाफ्ट, मागे २८ ऐवजी ३१ स्प्लाइनचे हाफशाफ्ट, शिवाय कार्ब्युरेटर आणि इग्निशन. १६ चे २४ हजार धरून चाला. विंडसर ब्लॉकची उंची ९.५ इंच, ३०२ ची ८.२. त्यामुळे इंजिन वर आणि रुंदीला वाढतं, हेडर (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) पाय ठेवायच्या पेटीच्या जवळ येतात आणि पाय भाजतात. बिल्डरकडून डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद आणि ब्लॉक कुठला ते लेखी घ्या. कारखान्यातून आलेल्या जुन्या ब्लॉकवर एवढी ताकद काढणाऱ्याची हमी दुकानाच्या दारापर्यंतच असते.

कोयोटी हे तिन्हींत तांत्रिकदृष्ट्या सर्वांत चांगलं इंजिन, यात वाद नाही. तिसऱ्या पिढीचं असेल तर ४६० हॉर्सपॉवर, आणि सकाळी चावी फिरवली की सुरू. पण ११ हजारांत येतो तो नुसता धातू. संगणक, वायरिंग, पेडल आणि ऑक्सिजन सेन्सरचा कंट्रोल पॅक वेगळा. ३०२ ची बेलहाउसिंग याला बसत नाही. इंधनाचा पंप आणि रेग्युलेटर साधारण ५५ पीएसआयचे लागतात, हेडर खास याच चासीचे लागतात, आणि प्रत्येक बाजूला दोन कॅमशाफ्ट असल्यानं हेड इतकी रुंद की सगळं दाटीवाटीनं बसतं. एकूण २१ हजार.

३०२ साठी गॅस्केट, टायमिंग चेन, पाण्याचा पंप, क्लच आणि टी-५ उघडून सिंक्रो बदलणं धरलं तरी ८ हजारांत काम होतं. 'फक्त २२५ हॉर्सपॉवर' असं तुम्ही नाक मुरडून लिहिलंय. हिशेब करा. मस्टँग साधारण ३,२०० पाउंडांची, म्हणजे एका हॉर्सपॉवरला १४ पाउंड. तुमची गाडी २,३०० पाउंडांची होईल, म्हणजे १०. मूळ २८९ कोब्रालाही २७१ च हॉर्सपॉवर होती. पुढे भूक वाढलीच तर १९९६च्या फोर्ड एक्सप्लोररमधली जीटी-४० सिलिंडर हेड जंकयार्डात स्वस्तात मिळतात. फक्त १९९७ पासून आलेली जीटी-४०पी उचलू नका. तिच्या प्लगचा कोन वेगळा, साधे हेडर प्लगच्या वायरींना चिकटतात.

एक चूक मात्र हमखास होते. १९८२ पासूनचं ३०२ हे ५० औंस-इंच असंतुलनाचं आहे (फ्लायव्हील आणि बॅलन्सरवर मुद्दाम ठेवलेलं जास्तीचं वजन), आधीचं ३०२ आणि सगळी ३५१ विंडसर २८ ची. फ्लायव्हील आणि पुढचा बॅलन्सर दोन्ही ५० चेच हवेत. कुणी घरात पडलेलं २८ चं फ्लायव्हील फुकट दिलं तर घेऊ नका. इंजिन थरथरत राहतं आणि शेवटी बेअरिंग जातात.

कॅलिफोर्नियात इंजिनाआधी कागद. राज्य दरवर्षी पहिल्या ५०० स्वहस्ते बांधलेल्या गाड्यांना एसबी-१०० चं प्रमाणपत्र देतं. ते मिळालं की गाडी ज्या वर्षीच्या मॉडेलसारखी दिसते त्या वर्षाचे धुराचे नियम लागू करून घेता येतात, आणि १९६५ च्या कोब्राला तसे नियमच नाहीत. ते नसेल तर गाडी आजच्या वर्षाची धरली जाते, आणि मग ३०२ काय नि ४२७ काय, दोन्ही बाद. इंजिनाची पावती नंबरासकट जपून ठेवा.

दुप्पट किमतीचं स्वप्न इथेच सोडा. मूळ कोब्रा जेमतेम हजार बनल्या, म्हणून त्या लाखो डॉलरला जातात. प्रतिकृती हजारोंनी आहेत आणि अजून बनताहेत. ६० हजारांचे भाग आणि ४०० तासांची मेहनत घातलेली गाडी विकताना भागांचे पैसे निघाले तरी नशीब म्हणा. हौस आहे, हौसेसारखा खर्च करा. गुंतवणुकीच्या रकान्यात ती लिहू नका.

आता जे तुम्ही विचारलंच नाही ते.

पत्राच्या तिसऱ्या परिच्छेदात ओझरतं लिहिलंय: २०१५ ला अमेरिकेत आलो, २०१६ पासून पुण्याच्या बँक खात्यातून महिना ४० हजारांची एसआयपी सात फंडांत चालू आहे, आज साधारण ९० लाख झाले, शिवाय १८ लाखांची एफडी. केवायसी जुनंच, 'रहिवासी भारतीय'. इथलं रिटर्न सॉफ्टवेअरवर स्वतः भरता, आणि 'भारतातलं भारतात, इथलं इथे' असं एका मित्रानं सांगितलंय. तो मित्र तुमचा कर भरणार नाहीये, हे आधी लक्षात घ्या.

अमेरिकेच्या कायद्यात भारतीय म्युच्युअल फंड म्हणजे पीफिक, निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी. दर फंडासाठी दर वर्षी फॉर्म ८६२१. पती-पत्नीच्या एकत्र रिटर्नमध्ये वर्षाअखेर एकूण ५० हजार डॉलरच्या आत असाल आणि काही विकलं नसेल तर सूट आहे. तुम्ही ती मर्यादा केव्हाच ओलांडलीत. विकल्यावर नफा धारणकाळातल्या सगळ्या वर्षांवर दिवसांच्या हिशेबानं पसरवतात. मागच्या वर्षांच्या वाट्याला त्या त्या वर्षीचा सर्वोच्च दर लागतो, तुमचा स्लॅब काहीही असो: २०१७ पर्यंत ३९.६ टक्के, त्यानंतर ३७. वर इतक्या वर्षांचं व्याज. आणि एसआयपीचा प्रत्येक हप्ता ही वेगळी खरेदी, म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक फंडात १२० हप्त्यांचे १२० वेगळे हिशेब.

गोल आकड्यांत पाहू. डॉलर ९० रुपयांना धरला तर ९० लाख म्हणजे १ लाख डॉलर. गुंतवलेले ४८ लाख त्या त्या वेळच्या दरानं, सरासरी ७५ धरून, ६४ हजार डॉलर. नफा ३६ हजार. रुपयांत ४२ लाख नफा दिसतो, पण रुपया घसरल्यानं डॉलरमध्ये तो आकसलाय, एवढाच काय तो दिलासा. पीफिकच्या नियमानं संघराज्याचा कर आणि व्याज मिळून १५ हजारांच्या घरात. हाच नफा इथल्या साध्या इंडेक्स फंडात झाला असता तर १५ टक्क्यांनी साडेपाच हजार. कॅलिफोर्नियाचे तीनएक हजार वेगळे. भारतात सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के आणि उपकर, म्हणजे सव्वापाच लाख रुपये, सहा हजार डॉलरच्या आसपास. त्याची वजावट संघराज्याच्या करात मिळू शकते. कॅलिफोर्निया परदेशात भरलेल्या कराची वजावट देतच नाही.

हा झाला प्रामाणिकपणे भरायचा कर. खरी भीती न भरलेल्या कागदांची आहे. परदेशातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १० हजार डॉलरवर गेली तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, भरावा लागतो. तो रिटर्नबरोबर जात नाही, फिनसेन या अमेरिकी अर्थखात्याच्या विभागाकडे वेगळा जातो. एकत्र रिटर्न भरणाऱ्यांची परदेशी मालमत्ता वर्षाअखेर १ लाख डॉलरवर किंवा मध्ये कधीही दीड लाखावर गेली तर फॉर्म ८९३८, न भरल्यास १० हजार डॉलर दंड. तुमचे फंड आणि एफडी मिळून आज १ लाख २० हजार होतात. फॉर्म ८६२१ राहिला असेल तर त्या रिटर्नची मुदतबाह्य होण्याची घडीच सुरू होत नाही. आणि रिटर्नच्या शेड्यूल बी या पुरवणीच्या शेवटच्या भागात 'परदेशात खातं आहे का' या प्रश्नावर सॉफ्टवेअरनं काय टिक केलंय ते आज रात्री उघडून बघा. बहुतेक 'नाही' असेल. त्याखाली सही तुमची आहे, सॉफ्टवेअरची नाही.

'कळणार कुणाला' हेही विसरा. २०१५ पासून भारतीय बँका आणि फंड घराणी फॅटका या अमेरिकी कायद्याखाली अमेरिकी करदात्यांची माहिती देतात. तुमचं नाव अजून गेलं नसेल तर ते जुन्या केवायसीमुळे, आणि ते केवायसीच चुकीचं आहे. अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासींचं, करायला हवं होतं. ते रहिवासी ठेवून त्यातून गुंतवणूक करत राहणं फेमाच्या (भारताच्या परकीय चलन कायद्याच्या) विरुद्ध. त्या खात्यातून ३० हजार डॉलर फ्रीमाँटला पाठवायला बँकेत गेलात की पहिला प्रश्न तिथेच उभा राहील.

म्हणून फंड आत्ता विकू नका. सुधारणेची एक वाट आहे, स्ट्रीमलाइन्ड प्रक्रिया. चूक जाणूनबुजून नव्हती असं सही करून सांगायचं, तीन वर्षांची दुरुस्त रिटर्नं आणि सहा वर्षांचे एफबार भरायचे, आणि न दाखवलेल्या परदेशी मालमत्तेच्या त्या काळातल्या सर्वाधिक वर्षाअखेर आकड्यावर ५ टक्के दंड. १ लाख २० हजारांवर ६ हजार डॉलर, जुना कर आणि व्याज वेगळं. सात फंड गुणिले तीन वर्षं म्हणजे २१ फॉर्म, सीपीएची (परवानाधारक हिशेबनिसाची) फी काही हजार होणारच. तरीही हे स्वस्त आहे. आयआरएसची (अमेरिकी करखात्याची) तपासणी एकदा सुरू झाली की ही वाट बंद. आणि आता माहीत झाल्यावर गुपचूप विकून इंजिन घेतलंत तर 'जाणूनबुजून नव्हतं' हे वाक्य कुणाच्या गळी उतरायचं नाही. नुसते मागचे एफबार भरून चूप बसण्याचा सल्लाही कुणी दिला तर ऐकू नका.

पहिली भेट सीपीएची नव्हे, करवकिलाची घ्या. केवायसीवरचं ते 'रहिवासी भारतीय' आणि मित्राचं ते वाक्य तुम्ही वकिलाला सांगितलंत तर ते गोपनीय राहतं. मला लिहिलंत तसं आणखी कुणाला लिहू नका. वकील मग सीपीए नेमेल. फंड पुढे ठेवायचेच असतील तर दरवर्षी बाजारभावानं कर भरण्याचा पर्याय आहे, पण सात फंडांसाठी तो त्रास घेण्यात मला अर्थ दिसत नाही. कागद नीट झाले की विका, आणि पैसा इथल्या फंडात घाला.

ताजा कलममध्ये मंडळातल्या ओळखीच्या विमा सल्लागाराचा उल्लेख आहे: फंड विकून इंडेक्स्ड युनिव्हर्सल लाइफ पॉलिसी घ्या, तिच्यावरच कर्ज काढून इंजिन घ्या, 'स्वतःची बँक व्हा'. या बँकेत पहिला हप्ता भरताच सल्लागाराचं कमिशन निघतं. सोडायची दंडाची मुदत बहुधा दहा वर्षांहून जास्त, परताव्याला वरून टोपी, निर्देशांकातला लाभांश मोजतच नाहीत, आणि 'तोटा शून्य' म्हणतात तेव्हा विम्याचा खर्च मात्र कापतच राहतात. कर्ज असताना पॉलिसी बंद पडली तर नफ्यावर कर लागतो, हातात पैसा नसताना. तुम्हाला विमा हवा असेल तर २० वर्षांचा साधा टर्म घ्या. या गृहस्थांना गणपतीत भेटा, आरतीला.

४०१(के) या नोकरीतल्या निवृत्ती खात्यातून कर्ज काढायचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण पुढचा विचार तोच येईल. नोकरी सुटली तर उरलेलं कर्ज त्या वर्षीच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत फेडावं लागतं, नाहीतर कर आणि तुमच्या वयात १० टक्के दंड. मुलीच्या कॉलेजच्या तोंडावर नको.

आता इंजिनाचं उत्तर आपोआप निघालं. तुमच्या इथल्या बचत खात्यात, पत्रातल्या आकड्यांवरून, घरखर्चाचे सहा महिने सोडून ९ हजार सुटतात. त्यांत ३०२ बसतं, बाकीची दोन बसत नाहीत. दंड, फी आणि कर आटोपल्यावर, दोन वर्षांनी, कोयोटीचा विचार करा. माउंट बदलावे लागतील, पण चासी तीच राहील आणि ३०२ गिअरबॉक्ससकट विकलं जाईल.

सोमवारी एसआयपी थांबवा, प्रत्येक नवा हप्ता आणखी एक हिशेब तयार करतोय. इंजिन बघायला जाल तेव्हा कॉम्प्रेशन गेज बरोबर न्या. इंजिन गरम, आठही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी भरलेली. सर्वांत कमी सिलिंडरचा आकडा सर्वांत जास्तीपेक्षा १५ टक्क्यांहून अधिक खाली असेल तर कारण विचारा. शेजारचे दोन्ही सिलिंडर एकत्र खाली असतील तर हेड गॅस्केट, तेवढ्यावर ५०० डॉलर कमी करून घ्या. एकच सिलिंडर खाली असेल, आणि प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकल्यावर आकडा चढला, तर रिंगा गेल्यात, ते इंजिन तिथेच ठेवून या.