वाचकांचे प्रश्न : व्हॉल्व्हचा रेडिओ, तालमीचा अँप्लिफायर

प्रश्न : लक्ष्मीपुरीत एका जुन्या सामानवाल्याकडे लाकडी पेटीचा व्हॉल्व्ह रेडिओ पाहिला. "चालू आहे, आत्ता लावून दाखवतो," असं तो म्हणतो. पैसे देण्याआधी काय बघावं? (शाहूपुरी)

उत्तर : आधी त्याला तो प्लगला लावू देऊ नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या सेटमधला फिल्टर कंडेन्सर (डीसीतली गुणगुण काढणारा) सुकलेला असतो आणि त्याच्या आतल्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा थर विरलेला असतो. त्यावर एकदम २५०-३०० व्होल्ट आले की तो जवळजवळ शॉर्टसारखा वागतो. मग रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचा डीसी करणारा) जातो, आणि फ्यूजच्या जागी कुणी जाड तार घातली असेल तर पाठोपाठ ट्रान्सफॉर्मरही जातो. कंडेन्सर कुठंही मिळतो, त्या सेटचा ट्रान्सफॉर्मर मिळत नाही.

मागचं झाकण काढायला सांगा आणि ट्रान्सफॉर्मरजवळ नाक न्या. जळक्या वार्निशचा वास आला तर सेट सोडून द्या. व्हॉल्व्हच्या काचेला आतून चंदेरी डाग असतो, तो असायलाच हवा. तोच डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर काचेतून हवा आत गेली आहे आणि तो व्हॉल्व्ह संपला आहे.

मग व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईएल ८४, ईझेड ८० अशी 'ई'ची मालिका असेल तर फिलामेंट, म्हणजे व्हॉल्व्हमधली तापणारी तार, ६.३ व्होल्टची, म्हणजे आत मेन्स ट्रान्सफॉर्मर आहे. यूसीएच ८१, यूबीएफ ८९, यूसीएल ८२, यूवाय ८५ अशी 'यू'ची असेल तर सगळी फिलामेंटं एकापुढं एक जोडून थेट मेन्सवर चालतात आणि चेसिस, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, मेन्सच्या एका तारेलाच जोडलेली असते. घरातल्या बोर्डात फेज-न्यूट्रल उलटे असले तर अख्ख्या चेसिसवर २३० व्होल्ट येतात. नॉबचा बारीक स्क्रू बोटाला लागला तरी झटका बसतो. पहिलाच सेट घेत असाल तर 'यू' मालिका घेऊ नका, हे माझं ठाम मत आहे. आवाज चांगला असतो, पण शिकायला तो सेट नव्हे.

मीटर बरोबर न्या. सेटचा स्विच चालू ठेवून, प्लग हातात धरून त्याच्या दोन पिनांमध्ये मोजा. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला साधारण २० ते ६० ओहम दिसतात. मग ईएल ८४ (स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह) ची ७ नंबरची पिन आणि ईझेड ८० (रेक्टिफायर) ची ३ नंबरची पिन यांच्यात मोजा. पिना खालून, मोठ्या फटीपासून घड्याळाच्या दिशेनं मोजायच्या. काहीशे ओहम आले तर ईएल ८४ आणि स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर शाबूत आहे. काहीच आलं नाही तर तो ओपन आहे, म्हणजे आतली तार तुटली आहे. असा सेट सुरू केला तर व्हॉल्व्हच्या प्लेटला (बाहेरच्या पत्र्याला) व्होल्टेज मिळत नाही, सगळा करंट तिच्या आतल्या स्क्रीनच्या जाळीतून जातो आणि जाळी लालबुंद होते.

घरी आणल्यावर पहिला करंट सिरीज बोर्डवरूनच द्या, म्हणजे सेटच्या एका तारेत बल्ब जोडलेल्या बोर्डवरून. त्यात ६० वॉटचा तारेचा बल्ब लावा, एलईडी चालत नाही. मागं व्होल्टेजची पट्टी असेल तर ती २४० किंवा २५० वर ठेवा. आधी ईझेड ८० काढून सुरू करा : डायलचा दिवा आणि फिलामेंटं मंद पेटली, सिरीजचा बल्ब अंधुक राहिला, तर ट्रान्सफॉर्मर ठीक. मग सेट बंद करून नवे फिल्टर कंडेन्सर घाला, ईझेड ८० बसवा आणि पुन्हा सुरू करा. बल्ब एकदम पेटून मंदावला पाहिजे. भरभरून पेटलेलाच राहिला तर शॉर्ट शोधायला लागा.

प्रश्न : सिरीज बोर्डवर सगळं ठीक दिसलं म्हणून सेट सरळ मेन्सवर लावला. पहिली दहा मिनिटं आवाज स्वच्छ, नंतर फाटतो, आणि ईएल ८४ च्या प्लेटवर लालसर डाग दिसतो. व्हॉल्व्ह बदलावा का? (राजारामपुरी)

उत्तर : नाही. नवा घातला तर तोही जाईल. सेट लगेच बंद करा. सिरीज बोर्ड मोठा शॉर्ट दाखवतो, बारीक गळती दाखवत नाही, आणि इथं बहुधा गळतीच आहे.

आधीच्या व्हॉल्व्हची प्लेट आणि ईएल ८४ चा ग्रिड (करंट आवरणारी जाळी) यांच्यामध्ये एक कपलिंग कंडेन्सर असतो, बहुतेक ०.०१ किंवा ०.०२२ मायक्रोफॅरडचा. त्यानं फक्त आवाज पुढं जाऊ द्यायचा आणि डीसी अडवायचा. जुने कंडेन्सर मेणकागदाचे असतात. तो कागद सादळतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर विचारूच नका. थोडा डीसी झिरपला की ग्रिड पॉझिटिव्ह होतो आणि व्हॉल्व्ह झेपेल त्यापेक्षा जास्त करंट ओढतो. सेट तापला की गळती वाढते, म्हणूनच बिघाड दहा मिनिटांनी दिसतो.

तपासणी अशी करा. सेट सुरू ठेवून ईएल ८४ च्या २ नंबरच्या पिनेवर चेसिसच्या तुलनेत डीसी मोजा. तिथं शून्य हवं. अर्धा व्होल्ट पॉझिटिव्ह दिसला तरी कंडेन्सर बाद समजा. पिन ३ म्हणजे कॅथोड (करंट जिथून निघतो तो भाग), त्याचा रेझिस्टन्स १३५ ओहमच्या आसपास असेल तर तिथं ७.३ व्होल्ट यावेत, म्हणजे ५४ मिलिअँपियर. ११ व्होल्ट दिसले तर ८० मिलिअँपियरच्या वर गेलात, आणि प्लेट लाल का झाली ते कळलं. कंडेन्सरचं एक टोक सोडवून पिन २ वर पुन्हा मोजा. व्होल्टेज गेलं तर दोष कंडेन्सरचा. तरीही हळूहळू चढत राहिलं, तरच व्हॉल्व्ह खराब.

त्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टर कंडेन्सर घाला, मूळच्याच मायक्रोफॅरडचा. बाकीचे कागदी कंडेन्सरही याच बैठकीत बदला, पण एक काढला की एक बसवा, आणि सुरुवातीला फोटो काढून ठेवा. मायका आणि सिरॅमिक कंडेन्सरना हात लावू नका. आयएफ ट्रान्सफॉर्मरचे (स्टेशन पकडणाऱ्या भागातल्या छोट्या धातूच्या डब्यांचे) पेच फिरवू नका. आत फेराइटचा कोअर तुटला की तो निघत नाही.

ईझेड ८० नंतरचा पहिला फिल्टर ५० मायक्रोफॅरडच्या वर नेऊ नका, तो त्या व्हॉल्व्हच्या मर्यादेबाहेर जातो. "गुणगुण कमी होईल" म्हणून १०० घालणारे बरेच भेटतात, पण दर वेळी सुरू करताना रेक्टिफायरवर तडाखा बसतो.

प्रश्न : मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीत भोंग्यांसाठीचा जुना अँप्लिफायर पडून आहे, त्यात दोन ईएल ३४ आहेत. घरच्या ८ ओहमच्या स्पीकरवर चालेल का? (मंगळवार पेठ)

उत्तर : चालेल, आणि छान वाजेल. मात्र मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहमचे आणि १०० व्होल्ट लाइनचे असे वेगवेगळे स्क्रू असतील. तुम्ही ८ चाच धरा. १०० व्होल्टची लाइन लांब तारेवरच्या, लाइन ट्रान्सफॉर्मर लावलेल्या भोंग्यांसाठी असते. ३० वॉटच्या अँप्लिफायरला तिथं ३३३ ओहमचा भार अपेक्षित असतो, ८ ओहम म्हणजे शॉर्टच. उलट, स्पीकर न जोडता कधीही सुरू करू नका. भार नसताना मोठ्या आवाजाला ट्रान्सफॉर्मरमध्ये इतकं व्होल्टेज चढतं की आतलं इन्सुलेशन फुटतं.

इथं एचटी, म्हणजे प्लेटला जाणारं मोठं डीसी व्होल्टेज, ४०० व्होल्टच्या वर असू शकतं. प्लग काढल्यावरही कंडेन्सर भरलेला राहतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टन्स क्लिपा लावून त्यावर १० सेकंद धरा, मग मीटरनं खात्री करा. काम करताना एक हात पाठीमागं ठेवा.

अशा अँप्लिफायरमध्ये बरेचदा ग्रिडला वेगळं निगेटिव्ह बायस, म्हणजे करंट आवरणारं व्होल्टेज, दिलेलं असतं. त्या बायसचा छोटा कंडेन्सर सुकला की बायस जातं आणि दोन्ही ईएल ३४ लाल होतात, म्हणून तो सगळ्यात आधी बदला. सेलेनियमचा रेक्टिफायर असेल तर काढून १एन ४००७ डायोड घाला आणि बायस पुन्हा मोजा. डायोडमध्ये कमी व्होल्ट पडत असल्यानं ते थोडं वाढतं. प्रत्येक कॅथोड आणि चेसिसमध्ये १० ओहमचा रेझिस्टन्स घातला की ०.४ व्होल्ट म्हणजे ४० मिलिअँपियर. ४३० व्होल्टवर ते १७ वॉट होतात, आणि ईएल ३४ ची प्लेट २५ वॉट सोसते.

प्रश्न : आजोबांच्या रेकॉर्ड प्लेअरचा आवाज दर पावसाळ्यानंतर बसत चालला आहे. (कसबा बावडा)

उत्तर : क्रिस्टलचं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) असणार. आत रोशेल सॉल्ट असतं, ते पापडासारखं सादळतं आणि पुन्हा बरं होत नाही. त्या जागी सिरॅमिकचं बसवा. ७८ च्या तबकड्यांना ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) सुई लागते, एलपीची १ मिलची सुई खाचेच्या तळाला घासत फक्त खरखर करते.

प्रश्न : आउटपुट ट्रान्सफॉर्मर उद्यमनगरात मोटार वाइंडिंग करणाऱ्याकडून भरून घेता येईल का? (शिवाजी उद्यमनगर)

उत्तर : मेन्सचा ट्रान्सफॉर्मर तो उत्तम भरेल. आउटपुटचा दिलात तर दोन गोष्टी त्याच्यापुढं बसून सांगा. एक, प्रायमरी (व्हॉल्व्हकडचे) आणि सेकंडरी (स्पीकरकडचे) थर आलटून पालटून गुंडाळायचे, नाहीतर वरच्या पट्टीतला आवाज मरतो. दुसरी, एकाच ईएल ८४ चा सेट असेल तर लोखंडाच्या सगळ्या 'ई' आकाराच्या पट्ट्या एका बाजूनं आणि सगळ्या 'आय' दुसऱ्या बाजूनं लावायच्या, मध्ये कागदाची पट्टी. सवयीनं त्यानं त्या एकाआड एक बसवल्या तर डीसीमुळं लोखंड चुंबकत्वानं भरून जातं आणि बेस निघून जातो. जुना उघडताना ती पट्टी फाटू देऊ नका, तिची जाडी मोजून तेवढीच नवी घालायला सांगा.