वाचकांचे प्रश्न : पंचवीस मिनिटांत नेतृत्वाविषयी काय बोलावे?

प्रश्न : चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी उत्पादन व्यवस्थापक आहे. पुढील महिन्यात साठ सुपरवायझरांसमोर ‘नेतृत्वविकास आणि कार्यसंस्कृती’ या विषयावर मला २५ मिनिटे बोलायचे आहे. व्याख्या व गुणांच्या ३२ स्लाइड्स तयार आहेत. मात्र गेल्या वर्षी अशाच भाषणात मागच्या रांगेतील मंडळी, फर्स्ट शिफ्टची बस चुकेल म्हणून, सारखी घड्याळे पाहत होती. माझेही तसेच होऊ नये, यासाठी काय करावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : व्याख्यांच्या स्लाइड्स आधी काढून टाका. समोर बसलेली माणसे रोज दहा-वीस जणांकडून काम करून घेतात. नेता कोणाला म्हणावे, हे त्यांना शिकवावे लागत नाही. साहेब बोलताहेत त्यातले उद्या मशीनपाशी किती टिकणार, एवढेच ते मनात तोलत असतात.

अमेरिकेतील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे १९८७ मध्ये पॉल ओ’नील यांच्याकडे आली, तेव्हा गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात त्यांनी नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेचा विषय काढला आणि संकट आल्यास सभागृहातून बाहेर कसे पडायचे, तेही सांगितले. श्रोते चक्रावले. त्या भाषणाला वजन आले ते मात्र नंतर : ॲरिझोनातील कारखान्यात एक कामगार दगावल्यावर ओ’नील यांनी अधिकाऱ्यांना एकत्र बसवून त्या मृत्यूचा दोष प्रथम स्वतःच्या नेतृत्वावर घेतला, तर १९९६ मध्ये मेक्सिकोतील कारखान्यात कामगारांना झालेली वायुबाधा वरपर्यंत कळवली न गेल्यामुळे एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पद सोडावे लागले.

तुम्हीही स्वतःचीच एखादी चूक निवडा. महिनाअखेरीच्या डिस्पॅचच्या घाईत गार्ड (यंत्राचे संरक्षक कवच) काढून प्रेस चालवला जात होता आणि तुम्ही पाहूनही पुढे निघून गेलात, असे काही घडले असेल, तर तेच सांगा. मशीन कोणते, वेळ कोणती, आपण काय बोललो, हे सगळे सांगा, फक्त ऑपरेटरचे नाव घेऊ नका. थोडक्यात टळलेला अपघात कळवायला आलेल्या सुपरवायझरला ‘तुझ्याच लाइनवर कसे होते रे?’ असे विचारले, की पुढच्या वेळी तो येत नाही. (तुम्ही लिहिता ती कार्यसंस्कृती बहुधा अशा एखाद्या वाक्यातच ठरून गेलेली असते, आणि त्याची स्लाइड कोणी करत नाही.)

बारा मिनिटे बोला, उरलेला वेळ प्रश्नांना द्या. वरिष्ठ पहिल्या रांगेत बसले असतील, तर प्रश्न येणार नाहीत. त्यांना मागे बसवा आणि निनावी चिठ्ठ्या आदल्या दिवशीच गोळा करा. त्यांतील किमान एका तक्रारीचे काय करणार, हे तारखेसह जाहीर करा. जे तुमच्या हातात नाही, ते नाही म्हणून सांगा. आणि बस सव्वातीनला सुटत असेल, तर तीनला थांबा.