खुराक कमी करून गाई कुरणावर न्याव्यात का?

प्रश्न : गाई गोठ्यात बांधून खुराकावर सांभाळतो. पेंड, मका, चाऱ्यासाठी युरिया, सगळे विकतचे. सेंद्रिय पद्धतीने कुरणावर गेलो तर दूध घटेल का? आणि युरियाशिवाय गवत वाढेल का?

उत्तर : दूध घटेल. धान्यावर पोसलेली दुधाळ गाय नुसत्या गवतावर तेवढे दूध देत नाही, आणि जमीनही जास्त लागते. पण हिशेब फक्त लिटरचा करू नका. खुराक, औषधे आणि शेण उचलण्याची मजुरी वजा जाता हातात काय राहते, ते बघा.

गाईच्या कोठीपोटातले, म्हणजे चार कप्प्यांपैकी सगळ्यात मोठ्या कप्प्यातले जिवाणू गवताचे तंतू पचवतात. धान्य जास्त झाले की तिथे आम्ल वाढते, रवंथ मंदावते, शेण पातळ होते, पुढे खूरही दुखतात. तरीही खुराक एकदम तोडू नका. नव्या चाऱ्याची सवय व्हायला जिवाणूंना दोन-तीन आठवडे लागतात.

युरियात 46 टक्के नत्र असते. ते हवेतूनच घेतलेले असते, पण त्यासाठी कारखान्यात भरपूर नैसर्गिक वायू खर्ची पडतो. द्विदलाच्या, म्हणजे शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या, मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू हेच काम करतात, म्हणून गवतात साधारण एक तृतीयांश द्विदल मिसळा. एखादे रोप अलगद उपटून गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी दिसली तर नत्र तयार होत आहे. शिवाय गाईने खाल्लेले बहुतेक नत्र शेण-मूत्रातून परत येते. मोठ्या बंदिस्त गोठ्यात त्याच शेणाचे काय करायचे हा प्रश्न पडतो, कुरणात ते जागेवरच कामी येते.

सगळ्यात महत्त्वाची गवताची विश्रांती. फ्रान्सचे कुरण-अभ्यासक आंद्रे व्हॉइसां यांनी 1950च्या दशकात यावरच भर दिला होता. गाय मोकाट सोडली तर ती कोवळा फुटवा पुन्हा पुन्हा खाते, मुळे उपाशी पडतात आणि तण माजते. कुरणाचे तुकडे पाडा, गाई एक ते तीन दिवसांत पुढे सरकवा आणि गवत पूर्ण वाढल्याशिवाय मागे आणू नका. वाढ मंद असेल तेव्हा विश्रांती लांबवा, ठरलेल्या तारखा पाळू नका. आठ-दहा सेंटिमीटर गवत मागे राहू द्या. जंतांच्या अळ्या बहुतांशी बुडाशीच असतात, त्यामुळे त्या गाईच्या पोटात कमी जातात.

दवात भिजलेल्या कोवळ्या द्विदलाने पोटफुगी होऊन गाय दगावू शकते. आधी सुका चारा घाला, दव उडाले की मगच सोडा. पहिल्या हंगामात सगळा कळप नको, भाकड गाई आणि कालवडींपासून सुरुवात करा.