अश्लील की असभ्य? जॉर्ज कार्लिनच्या निमित्ताने

अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियन जॉर्ज कार्लिनवर (१९३७–२००८) मराठीत लेख लिहिताना 'ऑब्सीन' आणि 'इंडिसेंट' या दोन्ही इंग्रजी शब्दांसाठी 'अश्लील' चालेल का, असा प्रश्न आला आहे.

माझ्या मते चालणार नाही, कारण कार्लिनचं प्रकरण याच फरकावर उभं होतं. टीव्हीवर कधीच उच्चारता येणार नाहीत अशा सात शब्दांवर तो बोलायचा. त्यासाठी १९७२ मध्ये मिलवॉकीत त्याला अटकही झाली. न्यायाधीशांनी पुढे ते प्रकरण काढून टाकलं. ३० ऑक्टोबर १९७३ ला दुपारी न्यूयॉर्कच्या एका रेडिओ केंद्राने याच विषयावरचं त्याचं ध्वनिमुद्रण लावलं. ते एका गृहस्थांच्या आणि त्यांच्या मुलाच्या कानावर पडलं, तक्रार झाली आणि वाद सर्वोच्च न्यायालयात पोचला. १९७८ चा निकाल पाच विरुद्ध चार मतांचा: हे ऑब्सीन नाही, कारण त्यात कामवासना चाळवणारं काही नाही, पण इंडिसेंट आहे, आणि मुलं ऐकत असतील अशा वेळी प्रसारित केल्यास सरकारी आयोग कारवाई करू शकतो.

आता आपले शब्द पाहा. 'अश्लील' म्हणजे मुळात 'श्री' (शोभा) नसलेलं. ऋग्वेदात 'अश्रीर' असं रूप आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यातलं अश्लील तीन प्रकारचं सांगितलं: लाज आणणारं, किळस आणणारं आणि अमंगल. इतका ऐसपैस शब्द आज मराठीत आणि कायद्यातही मुख्यतः लैंगिक अर्थापुरता उरला आहे. म्हणून 'ऑब्सीन'ला तो नेमका बसतो.

'असभ्य'मध्ये मात्र 'सभा' आहे. सभेत न शोभणारं ते असभ्य. म्हणजे समोर कोण बसलंय, हे शब्दातच आलं. किती नेमकं! रात्री क्लबात तिकीट काढून आलेल्या प्रौढांपुढे चालणारं बोलणं भरदुपारी रेडिओवर का चालत नाही, हाच तर न्यायालयापुढचा मुद्दा होता. तेव्हा 'इंडिसेंट'ला 'असभ्य'च लिहा. 'शिवराळ' नको. कार्लिन त्या शब्दांनी कुणाला शिव्या देत नव्हता, त्या शब्दांची भीती का वाटते ते उलगडत होता.

लेखात कॉमेडियन लेनी ब्रूसचा उल्लेख येणार असेल (१९६२ मध्ये शिकागोत ब्रूसला पकडलं तेव्हा प्रेक्षकांतल्या कार्लिनलाही पोलिसांनी नेलं होतं), तर तिथे 'अश्लील' हवंच. १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ब्रूसला अश्लीलतेबद्दलच दोषी ठरवलं. १९६६ मध्ये तो वारला, आणि राज्यपालांकडून गुन्ह्याची माफी मिळाली ती २००३ मध्ये.